ओला चमचा आणि अद्वैत

जगात दोन नाहीत, एकच आहे, हे मला पुण्यात चाळीस वर्षं कुणी सांगितलं नाही. दुबईत डेन्मार्कच्या माणसाने सांगितलं.

तो माणूस म्हणजे आमचे बॉस, एरिकसाहेब. डेन्मार्कात म्हणे हल्ली गावोगावी लोक डोळे मिटून 'मी कोण?' असं स्वतःला विचारत बसतात. साहेबांनी तसाच वर्ग दुबईच्या मरीना भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये सुरू केला. मी पुण्याचा हे कळताच त्यांनी विचारलं, "तुला वेदान्त येत असेल ना?"

"रक्तातच आहे, सर!" (रक्तात खरं तर साखर आहे.)

"मग शनिवारी आमच्यापुढे बोल. शुक्रवारी तुझ्याकडे जेवायला येतो, तेव्हा ठरवू."

झालं! मी ऑफिसभर सांगत सुटलो आणि चार दिवस एका अमेरिकन गृहस्थाचे व्हिडिओ बघून वेदान्त पाठ केला. ते 'आट्मा' म्हणायचे. तिसऱ्या दिवशी मीही म्हणू लागलो.

शुक्रवारी दुपारी साहेब डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी हजर! नुकतीच पुण्याहून आलेली आई वाढत होती. तिने दोन साड्या मागे ठेवून बॅगेतून लोणच्याची बरणी आणली होती, वर्षाची बेगमी. बायको म्हणाली, "लोणचं वाटीत काढते."

"बरणीच ठेव गं, ऑथेंटिक वाटतं!" मी म्हणालो. (इथेच घात झाला.)

मी सुरू केलं, "सर, 'मी', 'माझं' हा सगळा भ्रम आहे."

"देन व्हाय कान्ट आय टच युवर लॅपटॉप?" आमची कन्या म्हणाली.

"सई, गप्प जेव!"

साहेब रंगून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी आमटीतला चमचा उचलला आणि थेट बरणीत घातला.

"नाही!! ओला चमचा! माझं लोणचं!" मी किंचाळलो आणि बरणी हिसकावून छातीशी धरली.

साहेबांनी शांतपणे विचारलं, "आत्ता ओरडला, तो कोण?"

"मी!" मी म्हणालो. चार दिवसांचा अभ्यास खलास!

आईने माझ्या हातून बरणी काढून घेतली. "पाहुण्यावर ओरडतोस? लाज नाही वाटत?" मग साहेबांपुढे ठेवून म्हणाली, "खा रे बाळा."

साहेबांनी मला दुभाषी केलं. "विचार त्यांना, लोणचं त्यांचं आहे ना? मग राग कसा नाही आला?"

"माझं कसलं?" आई म्हणाली. "कैऱ्या झाडाच्या, ऊन देवाचं. मी आपलं ढवळलं."

हे मलाच भाषांतर करून सांगावं लागलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते भाषण गेल्याचं.

शनिवारी मरीनात आई सोफ्यावर बसून सात मिनिटं बोलली, सगळं कैरीवर. पंचवीस गोरी मंडळी जिवाचा कान करून ऐकत होती. मी भाषांतर केलं आणि नंतर चपला शोधून दिल्या. निघताना साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तूही ये. नवशिक्यांचा वर्ग मंगळवारी असतो."

जातो आता नेमाने. मी कोण, ते अजून कळलेलं नाही. बरणी कुणाची, ते मात्र पक्कं ठाऊक आहे. बरणीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते!