बाराच्या खेळातला मेंढा

"आगं, मेला म्हनून कोन म्हनतंय? पडला म्हनली मी. पडनं येगळं, मरनं येगळं."

"मग डोळं मिटलं म्हनलीस त्ये?"

"दमल्यावर तू मिटत न्हाईस व्हय? गप ऐक. आनी हात चालवा की गं, मालक बगतोय."

पण हात कुणाचेच चालेनात. तासगावच्या पल्याड तारिकशेठचं बेदाण्याचं शेड आहे. तिथं ताडपत्रीवर बसून बेदाण्यातल्या काड्या निवडणाऱ्या सगळ्या बायका थांबल्या होत्या आणि सुलाबाईच्या तोंडाकडं बघत होत्या. गंधकाच्या धुरीचा वास, माशांची भणभण, आणि मधोमध सुलाबाई, पदर खोचून.

बाई साठीच्या पुढची, बाभळीच्या ढलपीसारखी काटक. माहेर वडूजकडचं. पोरपणात बापाच्या मेंढरांमागं अर्धा मुलूख पायाखाली घातलेला. आता नवरा धुळाप्पा घरची पाच-सहा मेंढरं राखतो आणि ही हंगामात बेदाणा निवडते. हात तिचे सुमारच. तोंडाला मात्र तोड नाही. म्हणून शेडात एक रीत पडून गेली होती. सुलाबाई गोष्ट सांगत असली की बाकीच्या बायका आपापल्या निवडलेल्या मालातली एकेक मूठ तिच्या पाटीत टाकायच्या. मजुरी निवडलेल्या मालावर, तेव्हा तोंड चालवणारीची पाटी रिकामी राहू नये, हा त्यातला न्याय. गोष्ट रंगली की एक काडीही न मोडता सुलाबाईची पाटी सगळ्यांच्या आधी भरायची. फक्त समोर बसणाऱ्या हरणाबाईची मूठ शेवटी यायची, आणि तीही चिमटीएवढी.

ह्या खेपेची गोष्ट पिच्चरची होती. सुलाबाईची नात पल्लवी सांगलीला कॉलेजात. तिनं रविवारी आजीला बाराच्या खेळाला नेलं. पिच्चर परदेशातला, बोलणं हिंदीत बसवलेलं. पऱ्या-राक्षसांचा म्हणजे पोरासोरांचा असणार, ह्या समजुतीनं आजी निवांत बसली, तर पहिल्याच पावलाला पडद्यावर काळंकुट्ट रान आलं. त्या रानात एक राणी. तिला झोप येत नाही. म्हणून ती गावातल्या पोरांची झोप चोरते आणि लोकरीत गुंडाळून फडताळात ठेवते. एका पोरीच्या धाकट्या भावाची झोप अशीच जाते. मग ती पोरगी एकशिंगी मेंढा बरोबर घेऊन झोप सोडवून आणायला रानात शिरते.

रानात लांडगा आला तेव्हा सुलाबाईला आपण खुर्चीत आहोत ह्याचा विसर पडला. तिनं रानात घालतात तशी खच्चून आरोळी घातली. "हाऽऽ हुर्रर्र! हुर्रर्र!" मागच्या पोरांनी टाळ्या पिटल्या, पल्लवीनं ओढणीत तोंड लपवलं. आणि पडद्यावरचा लांडगा खरंच माघारी वळला. तो काही सुलाबाईला भ्यालेला नव्हता, पण तिला तसं वाटलं तर बिघडलं कुठं?

शेवटी मात्र तिची आरोळी चालली नाही. राणीचा भाला लागून मेंढा बर्फात पडला तो पडलाच. पोरीनं भावाची झोप सोडवायला आपली स्वतःची झोप राणीला देऊन टाकली आणि जन्माची जागी राहिली. संपला पिच्चर.

"कसा वाटला, आज्जे?"

"मेंढा मारायचं काय काम हुतं?"

"आगं, डार्क हाय त्यो. असल्या पिच्चरमदी असंच असतंय."

"मग अंधार करा म्हनावं पायजे तेवढा. मेंढा कशापायी मारताय?"

सोमवारी तिनं ही गोष्ट शेडात काढली आणि गुरुवारपर्यंत ताणली. पिच्चरमधल्या मेंढ्याला नावच नव्हतं. सुलाबाईनं त्याला नाव दिलं बाशिंग्या. चाल दिली, खोडी दिली, राणीच्या पायऱ्यांवर लेंड्या टाकायला लावल्या. बायका खुळ्या झाल्या. शेजारची रंगूबाई सकाळी आल्या आल्या विचारायची, "बाशिंग्या कुठवर आला गं?" जणू तिचा जावईच वाटेला लागलाय. आणि गुरुवारी दुपारी बाशिंग्याला भाला लागला, तिथं हे सगळं अडलं.

हरणाबाईनं पाटी पुढं सरकवली. "मेंढा मेला असंल तर आत्ताच सांग, सुले. चार दिसाच्या मुठी परत दे माज्या."

"माज्या बी," रंगूबाई म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी होतं, पण हात सुलाबाईच्या पाटीकडं निघालाच होता.

सुलाबाईनं एकदा पाटीकडं बघितलं, एकदा बायकांकडं. मेंढा मेला म्हणावं तर गोष्टही मेली आणि सांगणारीही. तिची जीभ तोंडातल्या तोंडात एकदा वळली.

"ऐका तर मग. पोरीनं काय केलं? कनवटीची पुडी सोडली. पुडीत काय हुतं? भंडारा! चिमूट घेतली आनी लावली बाशिंग्याच्या कपाळाला."

"परदेशात भंडारा?" हरणाबाई म्हणाली.

"का? बिरुबा काय फकस्त आरेवाडीलाच हाय व्हय? जिथं मेंढरू, तिथं बिरुबा. तर भंडारा गेला नाकात, आनी बाशिंग्या शिंकला! असा शिंकला, की रानातलं बरफ गळून पडलं. उटला तसा राणीच्या पोटात शिंग. राणी जी आडवी झाली, ती अजून घोरतीया."

मुठीवर मुठी पडल्या. हरणाबाईनं पण टाकली, ह्या वेळी चिमटीपेक्षा थोडी मोठी.

इथवर ठीक होतं. पण शनिवारी शेडातल्या फिरदोसनं फोनवर त्या पिच्चरची जाहिरात शोधून काढली. पडद्यावर डोंगराच्या कड्यावर मेंढा उभा, शेजारी ती पोरगी. बायकांनी फोनभोवती मोहोळ केलं. "आगं बया, ह्योच बाशिंग्या!"

"ह्यात भंडारा कुठं दिसंना," हरणाबाई म्हणाली.

"आदीच दावला तर तिकिटं कोन काढंल?" सुलाबाई म्हणाली. पण तिनं घाईनं फोन फिरदोसच्या हातात परत दिला.

तिची धास्ती रास्त होती. हंगाम उतरणीला लागला होता, शेडात फार तर आठवड्याचा माल उरला होता. तारिकशेठ दर वर्षी बायकांना मटणाचं जेवण घालायचे. त्यांनी त्याच संध्याकाळी विचारलं, "मावशी, रविवारी बकरं कापू, का यंदा साड्या देऊ?"

"पिच्चर दावा!" सगळ्या एका तोंडानं ओरडल्या.

"आवं, मटनच बरं शेठ," सुलाबाई घाईघाईनं म्हणाली. "पिच्चरनं डोळं जात्यात. लय गार असतंय आत. आनी माजा गुडघा..."

"मेंढ्याचा पिच्चर बगायचा सोडून मेंढा खायाला निगालीस?" रंगूबाई तिच्या अंगावर आली. शेठ हसत टेम्पो सांगायला निघून गेले.

रात्री जेवताना तिनं धुळाप्पाला सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं भाकरी कुस्करली आणि म्हणाला, "चाळीस वर्सं मेंढरं राखतोय. भंडाऱ्यानं मेलेलं मेंढरू उटाय लागलं असतं तर आज आपली शंभर असती. उद्या ताप आलाय म्हनून झोप."

पण तापाचं सोंग तिला करवलं नाही. आपण घरी राहिलो तर माघारी त्या काय बोलतील, ते ऐकायचंही राहून जाईल, ही भीती तापापेक्षा मोठी होती.

रविवारी सांगलीत तीनच्या खेळाला शेडातल्या बायकांनी अडीच ओळी भरल्या. पिशव्यांतून शेंगा निघाल्या, भडंग निघालं. राणी आली तशी रंगूबाईनं बोटं मोडली. "मुडदा बशीवला तुजा! पोरांची झोप खातीस व्हय?" लांडगा आला तेव्हा सुलाबाईनं न सांगता अख्ख्या अडीच ओळींनी आरोळी घातली, कारण सोमवारी तीच त्यांना शिकवली होती. पुढं बसलेलं एक नवंनवं जोडपं दचकून एकमेकांच्या गळ्यात पडलं आणि पिच्चरभर तसंच राहिलं. त्यांचे पैसे तेवढ्यात फिटले. बाशिंग्या राणीच्या पायऱ्या चढला, तेव्हा तिसऱ्या ओळीतून कुणीतरी कळकळून सांगितलं, "टाक लेंड्या, टाक!"

त्यानं टाकल्या नाहीत. हरणाबाईनं अंधारात मान वळवून सुलाबाईकडं बघितलं. सुलाबाई भडंगात तोंड घालून बसली.

मग भाला आला. मेंढा पडला. एवढं भयाण दृश्य, इतर ओळींतली चार लहान पोरं रडायला लागली, पण शेडातल्या बायका पायावर पाय टाकून हसऱ्या तोंडानं बसून. रंगूबाई तर शेजारच्या अनोळखी बाईची समजूत काढत होती. "रडू नगा, ताई. आता भंडारा निगतोय बगा."

"कसला भंडारा?"

"बगा तर."

ते तिच्या पलीकडच्यानं ऐकलं, त्यानं पुढच्याला सांगितलं. पिच्चर संपला, पडद्यावर नावं पळायला लागली, दिवे लागले, तरी निम्मं थेटर बसूनच. मेंढा अजून उठायचा होता.

दारावरचा इलियास बॅटरी हलवत आला. "मावशी, संपला. चला, पुढचा खेळ लावायचाय."

"संपला कसा?" रंगूबाई म्हणाली. "मेंढं पडलंय की अजून!"

"मेला तो."

मग सगळ्यांच्या माना हळूहळू सुलाबाईकडं वळल्या. सुलाबाईला दिसलं: शेडातली आपली जागा, मुठी, 'सुलाबाई म्हनती' असं म्हणून लोक सांगायचे त्या सगळ्या गोष्टी, एका मेंढ्यापायी बर्फात पडल्या होत्या. तेवढ्यात हरणाबाई उठली. आता ही मला सोलणार, असं मनाशी म्हणत सुलाबाईनं डोळे मिटले.

पण हरणाबाई गेली ती इलियासच्या अंगावर. "कातरला! पिच्चर कातरला तुमी! जत्रंत तंबूवालं कातरायचं, एक खेळ जादा घुसवाय, तसा कातरला! आमाला काय अडानी समजता?"

इलियासचा चेहरा पडला. पोरवयात त्यानं जत्रेतल्या तंबूत नोकरी केली होती आणि मालकाच्या सांगण्यावरून गाणीच्या गाणी रिळातून उडवली होती. आरोप जुना होता आणि खरा होता, फक्त ह्या पिच्चरला लागू नव्हता.

"मावशी, आता रीळच नसतं हो. सगळं कॉम्प्युटरवर येतं."

"मग कॉम्प्युटर कातरला! आमच्या सुलीनं सोत्ता बगितलाय मेंढा उटताना. सांग गं सुले! बगितलास का न्हाई?"

अख्खं थेटर तिच्याकडं बघत होतं. सुलाबाई उभी राहिली. खरं बोलायची हीच वेळ होती, आणि ती तिला स्पष्ट दिसत होती. तिनं ती जाऊ दिली.

"बगितला," ती म्हणाली. "शिंकला पन हुता."

इलियासनं घड्याळाकडं बघितलं. बाहेर पुढच्या खेळाची माणसं दार ढकलत होती. त्यानं सुलाबाईला विचारलं, "कुठल्या खेळाला बघितलात तुम्ही?"

"बाराच्या."

"मग बरोबर आहे की, मावशी!" तो डोळ्याची पापणीही न लववता म्हणाला. "भंडाऱ्याचा शेवट फक्त बाराच्या खेळाला असतो. तीनच्याला हा असतो. चला, चला."

बायका समाधानानं उठल्या. "आदी सांगायचं न्हाई व्हय रं बाबा? बाराला आलो असतो," असं त्याला सुनावत बाहेर पडल्या. शेजारच्या अनोळखी ताईंनी जाता जाता बाराच्या खेळाच्या तिकिटाचा दर विचारला.

सुलाबाई त्या माणसाकडं बघतच राहिली. आपल्या वरचढ कुणीतरी ह्या जिल्ह्यात आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

टेम्पोत हरणाबाई मुद्दाम तिच्याशेजारी येऊन बसली. बाकीच्या बाशिंग्याचं गाणं रचण्यात गुंतल्या होत्या.

"सुले, मला गुरवारीच संशय आला हुता."

"काय?"

"कनवटीला पुडी म्हनलीस. त्या पोरीला लुगडं हाय का? फिरदोसच्या फोनात मी त्येच बगितलं. पाटलून घातलीया तिनं. पाटलुनीला कनवट कुठली?"

सुलाबाई म्हणाली, "तरी भांडलीस त्येच्यासंगं?"

"मग काय मेंढा मरू देती? मला बी त्यो जित्ताच पायजे हुता." हरणाबाईनं शेंगेचं टरफल रस्त्यावर भिरकावलं. "पर आता मूठ कुनीकडनं कुनीकडं जायाची, त्ये तुजं तू समज."

सोमवारी शेडात काम लागलं. रंगूबाईची पाटी सरकली, मुठी पडायला लागल्या. "आता कंची गोष्ट, सुलाबाई?"

"दम धरा की. आदी दोन काड्या मोडू द्या," सुलाबाई म्हणाली. तिनं पाटीतून गच्च एक मूठ भरली, कुणाचं लक्ष नाही बघून समोरच्या पाटीत टाकली आणि मान खाली घालून बेदाणा निवडायला लागली.

"चिमटी हाय गं ही," समोरून हरणाबाई खालच्या आवाजात म्हणाली.

सुलाबाईनं दुसरी मूठ भरली.