चाळीस फेरे

ज्योतीराम काळेवाडीचा. विहिरीवरचं ऑइल इंजिन त्याच्या हातात लहानपणापासून. म्हणून छप्पन साली पिंपरीजवळ एका कारखान्याची वसाहत उभी राहिली, तेव्हा तिथल्या पंपघरात त्याला नोकरी लागली. आई अंबुबाई गावभर सांगत सुटली, माझा ल्योक साहेबलोकांना पाणी पाजतो. ज्योतीरामनं तिला थांबवलं नाही. ही त्याची पहिली चूक.

कारण तो पंप मैलापाण्याचा होता. वसाहत खोलगटात आणि मैलापाणी सोडायची जागा वर माळावर. सगळी घाण हौदात जमवायची आणि पंपानं ओढ्यावरून मैलभर चढावर ढकलायची. सुट्टी झाली की ज्योतीराम नदीत अंग घासघासून आंघोळ करी, मगच उंबरा ओलांडी. दसऱ्याला आई इंजिनासाठी झेंडूचा हार देई. तो पंपाला घालताना बिचाऱ्याला चोरट्यासारखं वाटे.

ओव्हरसियर लक्ष्मणराव तोंडाचे फटकळ, पण कामाला पक्के. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "पंप एकदम बंद केलास तर चढावरचं सगळं पाणी माघारी फिरतं आणि आदळतं. नळ फुटेल. आधी ही झडप फिरव, सावकाश, चाळीस फेरे. मग बटण."

दोन वर्षं त्यानं इमानानं फेरे मोजले. पण हाताला सवय होती शेताची. दारं धरून वाफ्यांत पाणी वळवणाऱ्यानं लांबून 'बंद कर' अशी हाळी दिली की इंजिन त्याच क्षणी थांबवायचं, नाहीतर वाफा फुटतो. त्या चपळाईबद्दल शिवारात त्याचं नाव होतं. दसऱ्याला चार दिवस राहिले असताना, भर दुपारी लक्ष्मणरावांनी बाहेरून हाक दिली, "ज्योतीराम, बंद कर!" आणि हात झडपेकडं न जाता थेट बटणावर गेला.

नळात घण घातल्यासारखा आवाज झाला. ओढ्यावरचा सांधा निखळला आणि मैलापाणी ओढ्यात कोसळू लागलं.

लक्ष्मणराव सांध्याकडं धावले. ज्योतीराम धावला ओढ्याच्या खालच्या अंगाला. तिथं वाळूत गावाचे पिण्याच्या पाण्याचे झिरे होते. पळता पळता त्यानं थाप जुळवली, वर जनावर मरून पडलंय म्हणून सांगू. पण जनावर काय, तासाभरात ओढून काढतात. संध्याकाळी बायका पुन्हा घागरी घेऊन आल्या असत्या.

झिऱ्यावर अंबुबाईच करवंटीनं घागर भरत होती. शेजारी चार बायका.

"आई, वत ते," तो म्हणाला. "वर आमचा नळ फुटलाय. मैल्याचा. माझा पंप मैल्याचाच हाय, पाण्याचा कवाच नव्हता. आमी सांगंपातुर हितलं पाणी कुणी भरू नगा."

अंबुबाईनं घागर उपडी केली आणि रिकामी काखेला मारून चालू लागली.

चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी मात्र वेळेवर बांधून मिळे. ज्योतीरामला ते रागवण्याहून जड गेलं.

दसऱ्याच्या सकाळी तो हार न मागताच निघाला. उंबऱ्यात अंबुबाईनं अडवलं. तिच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला झेंडूचा हार होता.

"घाल त्याला," ती म्हणाली. "आन् हळू बंद करत जा."