न हसणाऱ्या संघरत्नाचा बँड

संघरत्नाचा आवाज चांगला होता. अडचण चेहऱ्याची होती. तिचे वडील दामू भीमगीतांच्या पार्टीत गायचे. त्यांनी तिला लहानपणीच माइकसमोर उभं केलं. पोरगी सुरात गायली, पण डोळ्यांत पाणी नाही, ओठांवर हसू नाही.

"गातेस की वर्गाची हजेरी घेतेस?" दामूंनी विचारलं. तिनं गाणं सोडलं आणि मोठी झाल्यावर वळ गावातल्या एका गोदामात खोकी स्कॅन करायला लागली.

तिथं पॅकिंगला विकी होता. कानात कायम हेडफोन, ऐन मे महिन्यात काळं जॅकेट. संघरत्ना काम करताना गुणगुणते हे त्यानं एकदा ऐकलं आणि खोक्याला टेप लावायचा थांबलाच.

"हे न्यू वेव्ह आहे!" तो म्हणाला. "कीबोर्डचा थंड सूर, मशीनसारखा ताल, आणि गाणाऱ्याच्या तोंडावर काहीच नाही. परदेशात लोक यासाठी मेहनत घेतात. तुझ्यात ते जन्मतःच आहे."

आपल्या चेहऱ्याचं कुणी पहिल्यांदाच कौतुक केलं होतं. संघरत्ना हो म्हणाली. गिटार विकीकडं होतीच. ताल धरायला त्यांनी कोन गावचा केसरीनाथ गाठला. तो हळदीच्या कार्यक्रमांत ऑक्टोपॅड वाजवायचा. त्याच्या काकांच्या बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये रविवारी सराव सुरू झाला. बँडचं नाव ठेवलं 'डॅमेज माल'. गोदामात फुटक्या खोक्यांवर तोच शिक्का मारतात.

त्यांचं 'मागे घ्या, मागे घ्या' हे गाणं रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोच्या टीं-टीं आवाजावर बांधलेलं होतं. कल्याणच्या एका कॉलेजात ते वाजलं आणि पोरं वेडी झाली. व्हिडिओ पूर्णा गावापर्यंतच्या सगळ्या गोदामांत फिरला. सुपरवायझरही तिला 'मॅडम' म्हणायला लागला, अर्थात ड्युटी संपल्यावर. विकी मुलाखतीची तयारी करायला लागला. मुलाखत कुणी मागितली नव्हती.

मग केसरीनाथनं एका कार्यक्रमाची सुपारी घेतली. कुठली ते सांगितलं नाही. तिथं पोचल्यावर कळलं, त्याच्याच चुलतबहिणीची हळद होती.

मांडवात संघरत्नानं 'रिकामी खोकी' हे एकटेपणावरचं गाणं सुरू केलं. नवरीची आक्का पुढं आली. "पोरी, जरा हास ना! लगीन हाय घरान!"

संघरत्ना हसली नाही. पण केसरीनाथला राहवेना. त्यानं ताल वाढवला. बायका उठल्या आणि एकटेपणावर फेर धरून नाचू लागल्या. आक्कानं संघरत्नाच्या गालाला हळद फासली, तशी ती कडव्याच्या मधोमध खुदकन हसली.

विकीनं गिटार खाली ठेवली. "शोभतं का हे? आणि हा केसरी तर पहिल्यापासून दात काढतोय!"

"माजा तोंडच असा हाय," केसरीनाथ म्हणाला. "त्याला मी काय करू?"

"मग बँड सोड."

"तूच सोड की. माजं जेवण र्‍हायलंय."

विकीनं संघरत्नाकडं पाहिलं. ती गाल पुसत म्हणाली, "विकी, मला मजा आली रे."

तेवढ्यावर 'डॅमेज माल' मोडला. विकी रागानं न जेवता गेला. मटण चांगलं झालं होतं, हे त्याला आजही कुणी सांगत नाही. पुढे तो पुण्याला गेला, एकट्यानं गाणी काढून नेटवर टाकतो. संघरत्नाला ती आवडतात. ती प्रत्येक गाण्याखाली अंगठा देते, तो उत्तर देत नाही. केसरीनाथ हळदीच्या कार्यक्रमांकडं परतला.

महिनाभर तिला रविवार खायला उठला. मग ती स्वयंपाकघरात फोन ठेवून एकटीच गाणी रेकॉर्ड करू लागली. भिंतीपलीकडं लूम खडखडतात, तो ताल तिला पुरतो. वनिता, तिची आई, एकदा मिक्सरवर चटणी वाटता वाटता तिच्याकडं वळली.

"मिक्सर बंद करू का गं?"

"नको," संघरत्ना म्हणाली. "तो सुरात आहे. चालू दे."

वनितानं मान डोलावली आणि बटण एक नंबरनं वाढवलं.