वाढत्या हाताचं पिस्तूल

चूक माझीच होती, ते आधी सांगते. नातीला पिस्तूल घ्यायचं ठरलं तेव्हा मीच लेकाला म्हणाले, "वाढत्या हाताचं घे. पोर वाढतीय अजून."

आमच्यात सगळं वाढत्या मापाचंच घ्यायचे. लेकाला शाळेत घातलं तेव्हा त्याची चड्डी गुडघ्याच्या खाली लोंबायची. बूट घेतले ते दोन बोटं मोठे. पुढं चिंधी कोंबायची, दर वर्षी थोडी चिंधी काढायची. बूट पायाला बसायला लागले तोवर त्यांचे तळ गेलेले असायचे. त्याच बुटांत तो शिकला, इंजिनियर झाला, आणि आता इथं जर्मनीत, ब्योब्लिंगेनला, गाड्यांच्या कंपनीत असतो. माझे गुडघे गेले तेव्हा मला इकडं घेऊन आला. मी चौथीपर्यंत शिकलेली. इथलं काही वाचता येत नाही, पण बघता येतं.

नात पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. माझ्याशी मात्र दोन्ही कालवून बोलते. बोलते तरी कुठं, गप्प पोर आहे. इथं गावोगाव नेमबाजीचे क्लब असतात, फेराइन म्हणतात त्याला. मैत्रिणीबरोबर एकदा गेली आणि तिथंच रमली. सुनेनं मला सांगितलं तेव्हा माझ्या हातातली भाकरी परातीतच राहिली. पिस्तूल मी बघितलेलं ते फौजदाराच्या कमरेला.

"अहो आई, हवेचं असतं ते," सून म्हणाली. "खेळातलं. आणि आपल्या घरात कपाटाला कुलूप आहे, किल्ली ह्यांच्याकडं असते."

एकदा मला बघायला नेलं. लांब खोली, एका टोकाला पोरं उभी, दुसऱ्या टोकाला कागद टांगलेले. कागदावर वाटीच्या बुडाएवढं काळं गोल, आणि त्याच्या पोटात हरभऱ्याच्या दाण्याएवढा ठिपका. त्या ठिपक्यात मारायचं. मला तर तिथून ते काळंसुद्धा धड दिसेना.

नात कागदाकडं उजवी कूस करून उभी राहिली. डावा हात खिशात. उजवा हात हळूहळू वर नेला आणि थांबली. ते थांबणं मी कधी बघितलं नव्हतं. झाडसुद्धा एवढं थांबत नाही, पानं हलतात त्याची. मग फट असा बारका आवाज झाला, बांगडी पिचावी तसा. आवाज झाल्यावरही हात तिथंच. मग सावकाश खाली आला.

आमच्या कामात थांबणं नव्हतं. मी ऊसतोडीची बाई. दिवाळी झाली की गाव सोडायचं, कारखान्याच्या रानात पाचटाची कोपी घालून राहायचं आणि चार-पाच महिने ऊस तोडायचा. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्यात 'एक कोयता' म्हणतात. मुकादम विचारायचा, किती कोयते आणले? माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. कोयता चालला पाहिजे, एवढंच. त्यामुळं एवढं गप्प उभं राहून काही काम होतं, हे मला नवीन होतं.

तर नात क्लबचंच पिस्तूल वापरायची. जुनं होतं, आखूड नळीचं, लहान मुठीचं. पुढं ते धाकट्या पोरांना लागायला लागलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आता हिनं स्वतःचं घ्यावं, सहा आठवड्यांनी जिल्ह्याच्या टीमसाठी पोरं निवडणार आहेत, हिला संधी आहे. नात त्या दिवशी घरी आली ती जिना दोन-दोन पायऱ्या चढत. एवढा आनंद तिच्या तोंडावर मी क्वचित बघितला.

लेकानं दुकानात नेलं, मीही गेले. लेकानं एक लांब पिस्तूल उचललं, स्वतःच्या मुठीत धरलं आणि म्हणाला, "झकास बसतंय."

"तुला बसतंय," सून म्हणाली. "तू नेमबाजी करणारेस का?"

नात हळूच काहीतरी म्हणाली. दुकानातल्या पोरानं लहान मुठीचं एक पुढं केलं. तेव्हा मी तोंड उघडलं. वाढत्या हाताचं घे म्हणाले. लेक म्हणाला, "आई बरोबर बोलतीय. पुढच्या वर्षी हे हाताला बसेल." नातीनं माझ्याकडं बघितलं आणि गप्प झाली. गप्प राहण्यात माझ्यावरच गेलीय.

ते लांब पिस्तूल घरी आलं आणि तिचा नेम गेला. आधी कागदावरची भोकं एकाजवळ एक पडायची, आता डावीकडं पांगायला लागली. बोट घोड्यापर्यंत पोचेना, म्हणून ती सगळी मूठ फिरवून घ्यायची. मूठ फिरली की मनगट वाकडं. वर ते लांब लोखंड पुढं ओढायचं. चाळीस गोळ्या झाल्या की खांदा धरून बसायची. तीन आठवडे असं चाललं. एक दिवस जेवताना ताट सरकवून म्हणाली की मी निवडीला जाणार नाही, क्लबही सोडते. जर्मनमध्येच म्हणाली, पण मला कळलं.

"सराव कमी पडतोय तुझा," लेक म्हणाला.

ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती माझ्याजवळ मटार सोलायला बसली. अंगठा आखडून सोलत होती. मी म्हणाले, हात दाखव. नको म्हणाली. मी ओढून घेतला. अंगठ्याच्या मुळाशी फोड आलेला, फुटून कातडी निघालेली.

तो फोड मी ओळखला. माझ्या हाताला त्याच जागी घट्टा आहे.

लेक चार वर्षांचा असताना त्याचे वडील तापात गेले. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा भावाशी जोडी लावून मी त्यांचाच कोयता घेऊन निघाले. बाभळीचा दांडा, त्यांच्या मुठीचा. त्यांचा पंजा सुपाएवढा आणि माझा हा एवढासा. पहिल्याच आठवड्यात अंगठ्याच्या मुळाशी फोड आला. मी म्हणाले, हात मुरेल. जास्त आवळून धरायला लागले. आवळलं की बोटं बधिर व्हायची, आणि एक दिवस ओल्या हातातून कोयता फिरला तो नडगीवर. हाड दिसलं. चिंधी बांधली आणि संध्याकाळपर्यंत मोळ्या बांधल्या, कारण बसले असते तर मुकादमानं जोडी मोडली म्हणून घरी धाडलं असतं.

टोळीतली एक म्हातारी माझ्या कोपीत आली. जखम बघितलीच नाही तिनं, कोयता बघितला. म्हणाली, "मेल्या नवऱ्याच्या मुठीत हात घालून वर्ष काढणार का? अगं, हात कधी दांड्याएवढा होत नसतो." चुलीमागची काजळी घेतली, माझ्या तळहाताला फासली आणि म्हणाली, धर दांडा, काम करताना धरतेस तसा. धरला, सोडला. दांड्यावर जिथं काळं जाड उमटलं तिथं तिनं फुटक्या बाटलीच्या काचेनं तासलं. परत काजळी, परत तासायचं. तीन-चारदा केलं. नंतर कोयता हातात घेतला तर हातात काही आहे असंच वाटेना. त्याच कोयत्यावर मी अकरा हंगाम काढले.

हे सगळं मला ठाऊक. तरी दुकानात उभी राहून मी म्हणाले, वाढत्या हाताचं घे.

लेक कामावरून आला तेव्हा मी नातीला बोलावलं. तिचा पंजा माझ्या पंजाला लावला. बोटाला बोट, मनगटाला मनगट. कुठंच पुढं-मागं नाही.

"बघ," मी म्हणाले. "हा माझा हात. हा वाढला तेवढा वाढलाय. हिचा तिथं येऊन पोचलाय. आता कुठं वाढायचा?"

लेकानं दोन्ही पंजे उलटून-पालटून बघितले.

"तूच म्हणालीस ना," तो म्हणाला.

"मीच म्हणाले. चुकले."

सून म्हणाली, "ह्यांच्या लग्नातल्या बुटांत अजून कापूस आहे, आई. ह्यांना काय विचारता?" नात हसली, किती दिवसांनी.

शिकवणाऱ्या बाईंनी एका म्हाताऱ्या कारागिराचा पत्ता दिला. त्याचं दुकान दुसऱ्या गावात, मागं काम करायची खोली आणि नेम धरून बघायला जागा. माझ्याच वयाचा माणूस, चष्मा कपाळावर. त्यानं पिस्तुलं दाखवलीच नाहीत. आधी नातीचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेघ काढली. मग पाच-सहा पिस्तुलं एकामागं एक तिच्या हातात दिली आणि फक्त तिचं बोट बघत राहिला. बोटाचं पहिलं पेर घोड्यावर सरळ पडलं पाहिजे, मनगट न वाकता. लेक मला सांगत होता. बाकीची बाजूला काढली. एक आखूड नळीचं, हलकं, लहान मुठीचं राहिलं.

मग त्यानं तिला डोळे मिटायला लावले. डोळे मिटून हात वर ने, आणि मग उघड. तिनं हात वर नेला. डोळे उघडले. हात खाली घेईचना.

"काय झालं?" मी विचारलं.

"आज्जी, नेम बरोबर समोरच्या ठिपक्यावर आहे," ती म्हणाली. "मी काही केलं नाही. ते आपोआप तिथं आहे."

डोळे मिटले तरी हाताला ठाऊक होतं.

पण म्हातारा अजून खूश नव्हता. लाकडी मूठ तळहाताला कुठंतरी टेकत होती. तो चष्मा लावून शोधायला लागला. मला राहवलं नाही. मी पुढं झाले, माझा तळहात दाखवला, त्यावर काहीतरी फासल्यासारखं केलं, मूठ धरल्यासारखी केली, आणि नखानं तासून दाखवलं. लेक म्हणाला, "आई, अगं त्यांचं काम आहे ते." म्हाताऱ्यानं मान डोलावली. मग त्यानं खण उघडला आणि निळ्या खडूची पूड काढली. त्याचीही तीच रीत होती, काजळीच्या जागी खडू एवढंच. नातीच्या तळहाताला निळं फासलं, तिनं मूठ धरली, सोडली. निळं उमटलं तिथं त्यानं बारीक कानशीनं घासलं. परत निळं, परत कानस.

काम झाल्यावर तो लेकाला काहीतरी म्हणाला.

"हे कुठं शिकलात, विचारतायत."

"सांग, उसाच्या फडात."

लेकानं सांगितलं. फड म्हाताऱ्याला कळला की नाही कुणास ठाऊक, पण त्यानं माझा हात हातात घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या घट्ट्यावर आपला अंगठा टेकवला. त्याच्याही हाताला तसाच होता.

लांब पिस्तूल म्हाताऱ्यानं बदल्यात घेतलं आणि हे आमच्या घरी आलं. निवडीला जेमतेम अडीच आठवडे राहिले होते. मी तिला काही विचारलं नाही. रोज फक्त हात बघायचे.

निवडीच्या दिवशी आम्ही सगळे मागच्या बाकावर बसलो. टीममध्ये चारच जणांना घेणार होते, पोरं सोळा. नातीचं सुरुवातीला बरं चाललं, मधे दोन गोळ्या बाहेर गेल्या. लेक मांडीवर बोटं वाजवायला लागला. सुनेनं त्याचा हात दाबून धरला. शेवटची गोळी राहिली. नातीनं हात वर नेला, थांबली, आणि गोळी न मारताच हात खाली घेतला. परत वर नेला. परत खाली.

"आता का खाली घेतीय?" लेक कुजबुजला. "वेळ संपेल ना."

मी मात्र बघतच राहिले. आमचा कोयता एकदा वर गेला की खालीच यायचा, ऊस असो की नडगी. वर नेलेला हात नको वाटलं म्हणून असा परत घेता येतो, हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. तिला कुणाची घाई नव्हती. बापाची नाही, घड्याळाची नाही. तिसऱ्यांदा हात वर गेला. ती थांबली.

फट.

मग सगळ्यांचे कागद मोजायला आतल्या खोलीत नेले. कागद बराच वेळ आत होते. शिकवणाऱ्या बाईंनी भिंतीवर यादी लावली तेव्हा नात गर्दीत गेली आणि सरळ माझ्याकडं आली.

"आज्जी, फिअर्टे," म्हणाली. चौथी.

लेक उठून उभा राहिला. मी तिचा उजवा हात घेतला आणि उलटा करून बघितला. मुठीच्या लाकडात राहिलेलं निळं अंगठ्याच्या मुळाशी अजून थोडं लागलेलं होतं. खालची कातडी मऊ होती.