साठ पुड्या

माझ्या मुलीला पहिली मोठी फिट आली ती देवळ्याला, माझ्या मेहुण्याच्या घरी हळदीच्या कार्यक्रमात. आठ वर्षांची होती. पिवळा फ्रॉक घालून मांडवात पळत होती आणि पळता पळताच आडवी झाली. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले. मी पोचेपर्यंत तिच्याभोवती माणसांचं कडं झालं होतं. एकाने पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली होती. दुसरा फोडलेला कांदा घेऊन वाकला होता. एक बाई तिच्या दातांत स्टीलचा चमचा घालून जोर लावून आत ढकलत होती. दोघंतिघं मोबाईलवर शूटिंग करत होते. झटके थांबले तेव्हा पुढच्या दाताचा तुकडा पडला होता आणि ओठांवर चपलेची माती होती. मी रुमालाने ती माती पुसली आणि रुमाल तिथेच उकिरड्यावर फेकला.

थोड्या वेळाने पंगत बसली. चप्पलवाला माझ्या शेजारीच होता. "पाव्हणं, चामड्याची होती म्हनून लवकर उतरलं," असं म्हणून त्याने वाढप्याला हाक मारली आणि मठ्ठा मागितला. आजही त्याचा तो मठ्ठा पितानाचा आवाज माझ्या कानात आहे.

मी ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासणी खात्यात काम करतो. एखाद्या सुट्या भागाबरोबर त्याचा कागद नसेल, तो कुठून आला, कशाचा बनलाय हे लिहिलेलं नसेल, तर तो कितीही चकचकीत असो, मी परत पाठवतो. साहेब ओरडले तरी परत पाठवतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते अशा माणसाच्या हातून झालं.

नाशिकच्या मेंदूच्या डॉक्टर शांत स्वभावाच्या बाई होत्या. त्यांनी एमआरआय केला. मेंदूच्या डाव्या बाजूला लहानसा डाग निघाला. एक औषध सुरू झालं. फिट कमी झाल्या, पण हिरड्या सुजल्या. ते बदलून दुसरं दिलं, तर पोरगी चिडकी झाली, वह्या फाडायला लागली, आणि आठवड्याला एखादी फिट येतच राहिली. सहा-सात महिन्यांनी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"दोन औषधं नीट देऊनही थांबत नाहीये, तेव्हा नुसत्या तिसऱ्या औषधाने थांबेल ही आशा मी फार देणार नाही," त्या म्हणाल्या. "तेही करून बघू शकतो. दुसरा मार्ग आहाराचा. भात, पोळी, साखर जवळजवळ बंद आणि भरपूर तूप-लोणी-तेल, सगळं वजन करून. तिसरा, ऑपरेशन होऊ शकतं का याच्या तपासण्या मुंबईला. घाई नाही, पण टाळूही नका."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "आपण आधी मुंबईला जाऊन बघू या का? तपासणीच आहे."

मी म्हणालो, "डोकं फोडायला द्यायचंय का पोरीचं?"

खरं तर मला तिन्ही मार्ग नको होते. मला चौथा हवा होता, ज्यात काही ठरवावं लागत नाही. मेहुण्याच्या फोनने तो आयता मिळाला. "दाजी, त्र्यंबक रोडच्या आत एक माणूस बसतो. लय लांबून लोकं येतात. नुसती पुडी देतो. आमच्या गावातली दोन पोरं बरी झाली."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये गादीवर एक जाडसर माणूस बसला होता. समोर टीव्ही चालू, बाजूला पिंक टाकायचा डबा, मागे प्लॅस्टिकच्या बरण्या. बोटं चुन्याने पांढरी झालेली. त्याच बोटांनी त्याने माझ्या मुलीची खालची पापणी ओढली आणि सोडली. तिने मान मागे घेतली तर हसला. नजर टीव्हीवरच.

"किती दिवसांचं हाय?"

मी सांगितलं.

"रोज एक पुडी, मधातून. इंग्रजी गोळ्या बंद. दोन्ही पोटात गेलं तर जबाबदारी माझी नाय."

बायको म्हणाली, "यात काय आहे, ते तरी सांगा."

"जडीबुटी हाय ताई. विश्वास नसंल तर नेऊ नका." आणि त्याने माझ्याकडे बघितलं. कुणाला सांगायचं हे त्याला बरोबर कळलं होतं.

त्याने वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या साठ पुड्या दिल्या. मी त्या पिशवीत टाकल्या. आठवड्याभरात मी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी मोठ्या आवाजात बोललो म्हणून जिंकलो.

आणि फिट थांबल्या. पंधरा दिवस, महिना, दीड महिना. एकही नाही. मी कारखान्यात पेढे वाटले. डॉक्टर कसे लुटतात यावर कॅन्टीनमध्ये भाषण दिलं, आणि ज्या बाईने आम्हाला कधी खोटं सांगितलं नव्हतं तिची टिंगल केली. लोक माना डोलवत होते.

पोरगी मात्र पेंगत होती. वर्गात डोकं बाकावर टाकायची. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा आणि हनुवटीवर लाळ यायची. पहिल्या मजल्यावरून उतरताना कठडा घट्ट धरायची. शाळेच्या बाईंनी वहीत चिठ्ठी पाठवली. बायकोने ती माझ्यासमोर ठेवली, तर मी म्हणालो, "झटके तर नाहीत ना?" हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा म्हणालो, की आता कुणी दुसरं सहज म्हणालं तरी अंगावर काटा येतो.

शेवटी बायको मला न विचारता एका दुपारी मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेली. पर्समध्ये एक पुडी होती. डॉक्टरांनी पुडी उघडून बघितली आणि मुलीचं रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी अहवाल आला. मुलीच्या रक्तात फिटवरचंच एक जुनं इंग्रजी औषध होतं, झोप आणणारं, आणि तिच्या वजनाला हवं त्यापेक्षा बरंच जास्त. बाकी भुकटी कशाची होती कोण जाणे.

मी कामावरून घरी आलो तेव्हा बायकोने कागद हातात दिला. मी वाचला. मग कपाटातून उरलेल्या पुड्या काढल्या आणि मोरीत फाडून पाण्याचा नळ सोडला. ती मागून ओरडत होती, "अहो थांबा, डॉक्टर म्हणाल्यात, एकदम..." तिचं वाक्य मी पूर्ण होऊ दिलं नाही. एकदम बंद करायचं नाही, त्या सांगतील तसं हळूहळू उतरवायचं, असं ते वाक्य होतं. तोवर सगळं वाहून गेलं होतं. चिडलेला माणूस आपण काहीतरी चांगलं करतोय असं समजतो. तितकी घाण समजूत दुसरी नाही. डॉक्टरांना फोन लावेपर्यंत त्यांचा दवाखाना बंद झाला होता. सकाळी जाऊ, असं मी म्हणालो.

सकाळी दूध पिता पिता तिला फिट आली. ती संपते न संपते तोच दुसरी. मग तिसरी. दवाखान्यात ती दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. डॉक्टर आल्या, मला बघितलं, आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "हे औषध माझ्याकडेही आहे. मी दिलं असतं तर मोजून दिलं असतं. त्याच्या एका पुडीत किती आणि दुसरीत किती, हे त्याला तरी माहीत असेल का?"

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मुलगी घरी आल्यावर मी त्या शेडमध्ये गेलो. बाहेर पंचवीस-तीस माणसं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर नाहीतर शेजारी एक पेंगणारं मूल. आधी आलो तेव्हा ती पेंग मला दिसलीच नव्हती. मी अहवालाचा कागद त्याच्यासमोर धरला.

तो जराही हलला नाही. "झटके थांबले व्हते का नाय?"

"थांबले होते."

"मंग?"

मी रांगेकडे वळून मोठ्याने सांगायला लागलो की यात काय असतं. एका बाईने आपल्या मुलाला पदराखाली ओढलं, जणू मीच काही रोग घेऊन आलोय. एक गृहस्थ म्हणाला, "साहेब, तुमचं झालं असंल तर सरका, नंबर चालू हाय." दोन महिन्यांपूर्वी मीही तेच म्हणालो असतो. मी सरकारी कचेरीत तक्रार दिली, पोच घेतली. शेड चालू आहे.

घरी आम्ही पुन्हा तेच तीन मार्ग समोर घेतले. या वेळी बायकोने मुलीलाही बसवलं. तिने सगळं ऐकून विचारलं, "ऑपरेशनला सगळे केस कापतात?"

"थोडेच कापतील, मग परत येतात," बायको म्हणाली.

"आणि त्या पुडीसारखी झोप येईल का?"

मी म्हणालो, "नाही. आणि काय देतायत ते आधी तुला सांगू."

"तुम्ही नका सांगू पप्पा. मम्मी सांगेल."

मुंबईच्या तपासण्या झाल्या. फिट कुठून सुरू होते ते टिपायला डोक्याला तारा लावून ती चार दिवस कॅमेऱ्यासमोर राहिली. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की डाग बोलण्याच्या जागेला चिकटून आहे, आत्ता कापणं धोक्याचं, मोठी झाल्यावर पुन्हा बघू. मग आम्ही आहाराचा मार्ग घेतला, जोडीला तिसरं औषध कमी मात्रेत. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात आता लोण्याचा आणि खोबरेल तेलाचा वास भरलेला असतो. बायको छोट्या काट्यावर पनीर तोलते. साय खाताना मुलीला पहिले दोन महिने रोज उमासे यायचे. ती नाक दाबून खायची, आम्ही दोघं समोर बसून बघायचो, आणि मला त्या वासाचीसुद्धा शिसारी यायची.

आता ती अकरा वर्षांची आहे. महिन्या-दीड महिन्यातून एखादी फिट येते, लहान. पेंग गेली. बडबड करते, भांडते, गणितात मार खाते. औषधाच्या बाबतीत अजूनही फक्त आईला विचारते. मेहुणा मध्यंतरी येऊन गेला. त्याला वाटत होतं मी त्याच्यावर चिडलोय. मी त्याला चहा दिला. पुडी त्याने सांगितली होती, मधातून चाटवली मी होती, रोज सकाळी, माझ्याच बोटाने.