ऐनाखालची रोपं

ऐनाच्या झाडाखाली बसलं की उजेड हिरवा होऊन अंगावर पडायचा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, आणि शेताच्या बांधावर हे झाड. बाबा दर हिवाळ्यात त्याच्या फांद्या तोडायचे आणि भाताची रोपं करायच्या तुकड्यावर पसरून जाळायचे, जमीन भाजून निघावी म्हणून. बाबा गेले, आणि मी त्या झाडाला कुणाला हात लावू दिला नाही. शनिवारी, मी शिकवते ती महाडची शाळा सुटली की, येऊन तिथेच बसायचे. डोळे मिटले की बाबा वरच्या फांदीवर आहेत असं वाटायचं. दोन वर्षांत झाड भरगच्च झालं.

बाबांच्या तांबड्या भाताचं बियाणं मडकंभर उरलं होतं. गावात दुसऱ्या कुणाकडे ते नाही. यंदा आम्ही ते सगळं पेरलं, अर्धं ऐनाच्या सावलीत, अर्धं उन्हात. सावलीतली रोपं अशी सरसर वाढली की मी हरखून गेले.

"बघ, बाबांचं झाड कसं सांभाळतंय," मी आईला म्हटलं. आई वाफ्यातलं तण काढत राहिली.

लावणी एकाच खाचरात केली. उंच रोपं डावीकडे, बुटकी उजवीकडे. मग पावसाने दडी मारली ती अशी, की चिखलाला भेगा पडल्या. डावीकडच्या रोपांनी माना टाकल्या. उजवीकडची पानं सुरळीसारखी वळवून तग धरून होती. दरवर्षी फळ्यावर हेच शिकवते मी! पानांत प्रकाश ओळखणारे रेणू असतात. वरच्या पानांतून गाळून उरलेला उजेड मिळाला की रोपाला कळतं, डोक्यावर कुणीतरी आहे. मग ते सगळा जीव उंचीत घालतं आणि मुळं राहून जातात. अक्कल शाळेतच ठेवून आले होते, दुसरं काय.

"तुला ठाऊक होतं ना?" मी आईला विचारलं.

"व्हय. सावलीचं रोप लांबट नि पोकळ, त्याला पानी नाय मिळालं की संपलं. पन तू थितं जाऊन बसायचीस गो. कसं सांगू?"

उजवीकडचं भात पिकलं. खायला नाही, पण मडकं पुन्हा भरलं.

थंडीत मी कोयता घेऊन ऐनापाशी गेले. खालची एक फांदी तोडली आणि मला पुढे काही दिसेना.

"रडतेस कशाला? फांदीच हाय, परत फुटंल," आई म्हणाली. माझ्या हातातला कोयता घेऊन दुसरी फांदी तिनेच तोडली.