दोर कोणाच्या हाती

रिसालीच्या वस्तीत नरेशचं घर विचारलं तर लोक म्हणतात, "कोण, विटावाला?" घरं बांधायच्या विटांशी मात्र त्याचा काडीचा संबंध नाही. कारखान्यातली भट्टी थंड केली की आत उतरायचं, आगीनं खाल्लेल्या विटा काढायच्या आणि नव्या बसवायच्या, हा त्याचा धंदा. ठेकेदाराकडून काम अंगावर घ्यायचं, आपली टोळी न्यायची, बिल नरेशच्या नावानं निघायचं आणि आलेली रक्कम घरच्या अंगणात चटईवर सगळ्यांसमोर वाटायची. त्या चटईवर आजवर कधी कोणाचा आवाज चढला नव्हता.

टोळीचा एक नियम होता. भट्टीत उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोर बांधायचा, आणि दोराचं वरचं टोक कोणाच्या हातात द्यायचं ते उतरणाऱ्यानंच सांगायचं. आत वायू साचलेला असतो, उकाड्यानं भोवळ येते. खालून दोन झटके बसले की वरच्यानं ओढून काढायचं. बहुतेक जण नरेशचंच नाव घेत. एवढा मान त्याला दुसरीकडे कुठं मिळाला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्याला थोडा माजही होता.

कुम्हारी गावाकडच्या कामाचं बिल आलं आणि सगळं बिनसलं. कराचा म्हणून शंभरातला एक रुपया कापला जातो, याची टोळीला सवय होती. या वेळी वीस कापले गेले होते.

"सरकारनं कापले म्हणता," प्रफुल्ल म्हणाला. टोळीतला सगळ्यात तिखट तोंडाचा तोच. "सरकारले बरं तुमचंच घर सापडलं, दादा. बाकीच्या टोळ्यांचा तं एकच टक्का कटला."

कापलेत हे नरेशला दिसत होतं, का कापलेत ते त्यालाही कळलं नव्हतं. त्यानं शेषरावांकडे पाहिलं. नरेशच्या हातात विटा बसवायची पहिली करणी यांनीच दिली होती. शेषरावांनी नोटा घडी करून खिशात ठेवल्या आणि काही न बोलता उठले. प्रफुल्लचं बोलणं परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी भट्टीच्या तोंडाशी शेषरावांनी पट्टा बांधला. नरेश सवयीनं दोर उचलून उभा राहिला.

"दोर प्रफुल्लकडे दे," शेषराव म्हणाले.

नरेशनं दोर दिला. दिवसभर तो खाली मान घालून विटा वाहत राहिला. घरी ताट समोर आलं तेव्हा त्यानं ते बाजूला सारलं.

"तुमी खाल्ले का पैसे?" आम्रपालीनं सरळ विचारलं. नवऱ्याला ती भीत नाही.

"नाही."

"मंग तोंड लपवून कावून बसून राहिले? जा, ठेकेदाराच्या मुन्शीले विचारा."

मुन्शीनं कॉम्प्युटरवर पाहिलं. "तुम्हारा पॅन बंद पडा है, भैया. आधार से लिंक नहीं है. बंद पॅन पे बीस परसेंट कटता है."

"लिंक तो है. ऑनलाईन वाले चॉईस सेंटर में खुद करवाया हूं." नरेशनं खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मुन्शीनं कार्ड पाहिलं, मग पडदा त्याच्याकडे वळवला. तिथला नंबर वेगळाच होता.

नरेशनं तो नंबर ओळखला. तरुणपणी पहिल्या कामाच्या वेळी तिथल्या मुन्शीनं त्याचं एक पॅन कार्ड काढलं होतं. पुढे बँकेनं कार्ड मागितलं तेव्हा त्यानं दुसरं काढून घेतलं. ठेकेदार बदलला की नवा गेटपास निघतो, तसंच हे कार्ड, अशी त्याची साधी समजूत. टोळ्याटोळ्यांत अजूनही अशीच समजूत आहे. कुम्हारीच्या कामाचे कागद देताना जुन्या गेटपाससोबत जुन्याच कार्डाची झेरॉक्स गेली होती.

सिविक सेंटरच्या बाजारातल्या सुहासिनीबाई कराची कामं बघतात. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली.

"दोन पॅन ठेवणं गुन्हा आहे, नरेश. दहा हजारांचा दंड लागू शकतो. जुनं परत करावं लागेल. ठेकेदाराला नंबर दुरुस्त करायला सांगा, मग रिटर्न भरू. पैसे परत येतील, पण कधी ते मला सांगता येणार नाही."

"अन् कोणाले सांगतलंच नाही तं?"

"तर ते पैसे विसरायचे."

पैसे एक वेळ विसरता आले असते. चटईवरून शेषरावांचं ते उठून जाणं कसं विसरायचं? आणि सांगावं तर 'गुन्हा' हा शब्द मानगुटीवर. ठेकेदारापर्यंत तो शब्द गेला की असल्या भानगडीच्या माणसाला पुन्हा काम मिळत नाही. प्रफुल्लला सांगणं म्हणजे त्याच्या हाती आयतं कोलीत देणं. नरेश घाबरला होता, चांगलाच घाबरला होता.

सकाळी भट्टीच्या तोंडाशी टोळी जमली तेव्हा त्यानं दोन्ही कार्डं विटांच्या ढिगावर ठेवली आणि सगळं सांगितलं. गुन्हा, दंड, काहीही गाळलं नाही.

"कार्डं काय, कोणीबी बनवते," प्रफुल्ल म्हणाला, पण कार्डांकडे बघत राहिला.

नरेशनं पट्टा कमरेला आवळला. "आज मी उतरतो. दोर प्रफुल्लकडे द्या."

"नरेश, राग डोक्यात ठेवून उतरू नको," शेषराव म्हणाले.

"राग नाही, काका. त्याचा माह्यावर भरोसा नाही. माहा तं त्याच्यावर आहे."

हे बोलताना वाटलं तेवढं उतरताना सोपं नव्हतं. आत भिंती अजून धग फेकत होत्या. विटा काढता काढता डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यानं दोराला दोन झटके दिले. वरून काहीच झालं नाही. आपण माणूस ओळखायला चुकलो, हा एकच विचार त्याच्या मनात आला, आणि तेवढ्यात पट्टा बरगड्यांत रुतला आणि पाय जमिनीवरून सुटले.

वर आल्यावर शेषरावांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. प्रफुल्ल बाजूला उभा होता. घाईत हातमोजे घालायचे राहिले असावेत, त्याचे दोन्ही तळहात सोलले होते.

आत काम अर्धंच झालं होतं. जरा वेळानं प्रफुल्लनं तळहातांना फडकी गुंडाळली आणि पट्टा बांधला. कोणाचं नाव घेतो, एवढंच सगळ्यांना ऐकायचं होतं. त्यानं नाव घेतलंच नाही. दोराचं टोक उचललं आणि चालत नरेशजवळ आला.

"कटलेले पैसे अजून आले नाहीत, दादा," तो म्हणाला, आणि दोर त्याच्या हातात दिला.

नरेशनं दोराचे कमरेला दोन वेढे घेतले आणि पाय रोवून उभा राहिला.